जीएम झाडातली विषाणू-प्रतिकारशक्ती ‘मोडली’ असं नक्की कधी म्हणायचं?

शेंडेपान

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

पपई रिंगस्पॉट विषाणूच्या, म्हणजे पीआरएसव्हीच्या, कोट प्रोटीन (विषाणूच्या कवचाचं प्रथिन) जनुकाचा तुकडा घालून केलेली पपईची एक लाइन आहे. हेमिझायगस, म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेली. काचघरात रस चोळून लागण केली तेव्हा रोपं स्वच्छ राहिली. शेतात मात्र काही झाडांची शेंड्याची पानं चिंचोळी झाली आहेत आणि देठांवर तेलकट हिरव्या रेषा आहेत. काही झाडांवर लक्षणं थंडीत आली आणि ऊन वाढल्यावर फुटलेली पानं पुन्हा नीट आली. एलायझा (अँटिबॉडीने विषाणूचं प्रथिन ओळखणारी चाचणी) काहींची पॉझिटिव्ह, काहींची लक्षणं असूनही निगेटिव्ह.

एका बाजूने ऐकू येतं की विषाणूत म्युटेशन झालं, विषय संपला. दुसरीकडून ऐकू येतं की घातलेलं जनुकच बंद पडलं. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे? कोट प्रोटीनचा क्रम 90 टक्क्यांहून जास्त जुळत असूनही विषाणू आत कसा शिरतो? आणि पुढची रचना करताना काय बदलायचं?

काचघर

‘विषाणू बदलला’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो. त्याआधी कितीतरी साध्या गोष्टी निस्तराव्या लागतात.

आधी त्या आजारी झाडात जनुक आहे का ते बघा. हेमिझायगस झाडाचं स्वपरागीकरणातलं बी धरलं तर सरासरी चारातलं एक रोप जनुकाविना निघतं. हवाईतली ‘रेनबो’ पपई अशीच आहे: जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली ‘सनअप’ आणि जनुक नसलेली ‘कापोहो’ यांचा पहिल्या पिढीचा संकर. तिच्या फळातलं बी लावून उभ्या केलेल्या बागेत आजारी झाडं दिसली तर ती प्रतिकारशक्ती मोडल्याची खूण नाही, नुसतं पृथक्करण आहे, म्हणजे काही रोपांत जनुक उतरलेलंच नाही. रेनबोत गस हे खूण-जनुकही आहे, त्यामुळे तपासणी सोपी पडते. पानाची चकती एक्स-ग्लुक द्रावणात 37 अंशांवर रात्रभर ठेवायची आणि सकाळी अल्कोहोलने हरितद्रव्य धुऊन काढायचं. कडा निळ्या दिसल्या तर जनुक आहे. तुमच्या लाइनमध्ये गस नसेल तर पीसीआर (ठराविक डीएनए तुकड्याच्या प्रती वाढवून जेलवर पट्टी बघणं) करा. सोबत पपईचं स्वतःचं एखादं जनुक नियंत्रण म्हणून लावा, नाहीतर खराब डीएनएमुळे पट्टी आली नाही आणि जनुक नाही म्हणून आली नाही, यातला फरक कळणार नाही.

मग रोग तोच आहे का ते बघा. लक्षणं असून एलायझा निगेटिव्ह आलेली झाडं मला इथे जास्त महत्त्वाची वाटतात. पपई लीफ डिस्टॉर्शन मोझॅइक विषाणू, पीएलडीएमव्ही, हाही मावाच पसरवतो. शेतात उभं राहून तो पीआरएसव्हीपासून वेगळा ओळखता येत नाही, पण पीआरएसव्हीच्या अँटिसीरमला तो प्रतिसाद देत नाही. तैवानमध्ये पीआरएसव्ही-प्रतिकारक जीएम पपईच्या शेत-चाचण्यांत नेमका हाच विषाणू पुढे आला. तिथे जनुकाने आपलं काम चोख केलं होतं, शत्रूच दुसरा होता. याशिवाय पांढऱ्या कोळ्याचा प्रादुर्भाव झाला किंवा 2,4-डी तणनाशकाचा फवारा उडाला तरी पानं चिंचोळी होतात. कोळी असेल तर कोवळ्या पानाच्या मागच्या बाजूला भिंगातून दिसतो.

एलायझा पॉझिटिव्ह आली तरी एक फट उरतेच. तुमची रचना कोट प्रोटीन तयार करणारी असेल तर एलायझा ते झाडाचं स्वतःचं प्रथिनही पकडू शकते. आरटी-पीसीआरचे (आरएनएचा आधी डीएनए करून केलेल्या पीसीआरचे) प्रायमर (तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए) घातलेल्या तुकड्याच्या आतले असतील तर जनुकाचा आरएनए किंवा राहून गेलेला डीएनएही पट्टी देतो. म्हणून प्रायमर घातलेल्या तुकड्याच्या बाहेरचे घ्या, उदाहरणार्थ विषाणूच्या सीआय या दुसऱ्या जनुकातले. सोबत लागण न केलेलं जीएम झाड आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी ही दोन्ही नियंत्रणं हवीतच.

यातूनही निभावली तर उलट लागण, म्हणजे आजारी झाडाचा रस निरोगी रोपांवर चोळून बघणं. आजारी पान 1 ग्रॅम, थंड केलेलं 0.01 मोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, पीएच 7, 10 मिली. वाटून गाळून घ्या. पानांवर 600 मेशची कार्बोरंडम पूड भुरभुरवा, रस हलक्या हाताने चोळा आणि काही मिनिटांत पाण्याने धुवा. जोरात चोळलं तर पेशी मरतात आणि लागण बसतच नाही. रोपं दोन प्रकारची, जीएम आणि साधी. रस तीन प्रकारचा: शेतातला विषाणू, रचनेसाठी वापरलेला मूळ विषाणू आणि नुसता बफर. साध्या रोपांवर लक्षणं दोन-तीन आठवड्यांत दिसतात, जीएम रोपं मात्र किमान आठ आठवडे बघत राहा, कारण उशिरा येणारी लक्षणं हीसुद्धा माहितीच आहे.

शेतातल्या रसात दोन विषाणू मिसळलेले असू शकतात, हे धरूनच चाला. चिनोपोडियम क्विनोआच्या पानावर सुटे ठिपके उठवा, एक ठिपका कापून पुन्हा लागण करा, असं दोन-तीनदा केलं की एकच आयसोलेट (वेगळा काढलेला विषाणू-नमुना) हाती येतो. तो शुद्ध आयसोलेट जीएम रोपावर रोग आणतो आणि मूळ विषाणू आणत नाही, एवढं सिद्ध झालं की मग खुशाल म्हणा की प्रतिकारशक्ती मोडली.

आरएनए_वाचक

वरच्या चाचण्या करून घ्याच. मी ‘90 टक्के जुळूनही’ या भागाबद्दल लिहितो, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो.

अशा झाडांत बहुतेक वेळा प्रथिन काहीच करत नसतं. घातलेल्या जनुकापासून दुपदरी आरएनए बनतो, डायसर एन्झाइम त्याचे 21 ते 24 न्यूक्लिओटाइडचे तुकडे (एसआय-आरएनए) करतं, आणि आर्गोनॉट प्रथिन ते तुकडे घेऊन जुळणारा विषाणूचा आरएनए कापतं. यालाच सायलेन्सिंग म्हणतात. जुळणी त्या 21 अक्षरांच्या खिडकीत बघितली जाते, संपूर्ण जनुकाची टक्केवारी तिथे कोणी मोजत नाही. 300 अक्षरांचा तुकडा घ्या, 90 टक्के साम्य, म्हणजे 30 ठिकाणी फरक. हे फरक दर दहाव्या अक्षराला एक असे विखुरलेले असतील तर पूर्ण जुळणारी 21 अक्षरांची एकही खिडकी शिल्लक राहत नाही. तेच 30 फरक एका टोकाच्या 100 अक्षरांत गोळा झालेले असतील तर उरलेली 200 अक्षरं जशीच्या तशी जुळतात आणि त्यात 180 खिडक्या मिळतात. टक्केवारी दोन्हीकडे एकच, परिणाम टोकाचे. तेव्हा दोन क्रम शेजारी मांडून सलग जुळणारे पट्टे मोजा, सरासरी बघू नका.

पट्टे मिळाले तरी एसआय-आरएनएचं प्रमाण पुरेसं लागतं, आणि तिथे जनुकाच्या प्रती मोजायच्या. हवाईच्या 55-1 लाइनवर हे फार स्वच्छ दिसलं. एकच जनुक, एकाच जागी घुसलेलं. दोन प्रती असलेली सनअप आणि एक प्रत असलेली रेनबो. हवाईतल्या विषाणूला दोन्ही पुरून उरतात, कारण जनुक तिथल्याच एचए 5-1 या स्ट्रेनमधून (विषाणूच्या उपप्रकारातून) घेतलं होतं. बाहेरच्या देशांतल्या बऱ्याच आयसोलेटना मात्र रेनबो बळी पडते, तर सनअप त्यातल्या काहींना तोंड देते. झाडाच्या वयाचाही वाटा आहे: कोवळ्या रेनबोवर लागण बसते आणि वाढलेल्या झाडावर तोच विषाणू अडखळतो. तुमची लाइन हेमिझायगस आहे, म्हणून सर्वांत आधी तिची होमोझायगस (दोन प्रतींची) बहीण त्याच आयसोलेटने तपासा. ती टिकली तर विषाणू फारसा बदललेला नाही, तुमच्याकडे एसआय-आरएनए कमी पडतोय.

आता थंडीचा मुद्दा. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय, पण माझ्या मते निदानाची मोठी खूण तीच आहे. कमी तापमानाला झाडाची सायलेन्सिंग यंत्रणा मंदावते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवलं होतं की 15 अंशांच्या आसपास एसआय-आरएनए अगदी थोडे बनतात, तापमान वाढवत नेलं की वाढत जातात, आणि थंडीत सायलेन्सिंगवर आधारलेले जीएम गुणधर्म हरपतात. थंडीत लक्षणं येणं आणि ऊब मिळाल्यावरची पानं स्वच्छ निघणं हे चित्र त्याच्याशी तंतोतंत जुळतं. विषाणूनेच म्युटेशनने वाट काढली असती तर उन्हाळ्यातली पानंही आजारी निघाली असती. काचघरात 25–28 अंशांवर केलेल्या लागणीत हा दोष दिसूच शकत नाही.

आणि शेवटचा, सगळ्यात त्रासदायक प्रकार: विषाणू जुळतोय, एसआय-आरएनए आहेत, ऊबही आहे, तरी रोग. बहुतेक वनस्पती-विषाणूंकडे सायलेन्सिंग दाबणारं प्रथिन असतं. पोटीव्हायरस गटात (पीआरएसव्ही त्यातलाच) एचसी-प्रो, काकडी मोझॅइक विषाणूत 2बी. तैवानमधला पीआरएसव्ही 5-19 हा स्ट्रेन क्रमाच्या साम्याचा प्रश्न नसतानाही कोट प्रोटीनवाल्या पपईची प्रतिकारशक्ती मोडतो. विषाणूंचे भाग अदलाबदल करून बघितल्यावर दोष त्याच्या एचसी-प्रो आणि कोट प्रोटीन या भागांकडे गेला, आणि त्याचा एचसी-प्रो रचनेसाठी वापरलेल्या स्ट्रेनपेक्षा सायलेन्सिंग जास्त जोरात दाबतो हेही दिसलं. 2015 मध्ये हे प्रसिद्ध झालं. हा दाबणारा हात दुसऱ्या विषाणूचाही असू शकतो. तंबाखूत बटाटा वाय विषाणूविरुद्ध हेअरपिन रचनेने (स्वतःवरच दुमडून दुपदरी होणाऱ्या आरएनएने) आणलेली प्रतिकारशक्ती काकडी मोझॅइक विषाणूच्या सोबतीने तात्पुरती मोडते. म्हणूनच काचघर यांनी सुटा ठिपका वेगळा काढायला सांगितलंय ते टाळू नका; मिश्र रसाने मोडलं आणि शुद्ध आयसोलेटने मोडलं नाही, तर उत्तर सोबत्यात आहे.

बियाणेपेटी

सगळी चर्चा सायलेन्सिंगभोवतीच चाललीय, म्हणून बाकीच्या प्रकारांबद्दल थोडं लिहिते. प्रत्येकाची मोडायची तऱ्हा निराळी आहे.

प्रथिनावर चालणारी प्रतिकारशक्ती: 1986 मध्ये तंबाखू मोझॅइक विषाणूचं कोट प्रोटीन तंबाखूत घालून हे क्षेत्र सुरू झालं. तिथे झाडातलं कोट प्रोटीन आलेल्या विषाणूकणाला कवच उतरवू देत नाही. त्यामुळे आवरण नसलेला नुसता आरएनए चोळला की बचाव बराचसा निकामी होतो. तापमान इथे उलट दिशेने खेळतं, 35 अंशांवर झाडातलं कोट प्रोटीनच घटतं आणि बचाव ढिला पडतो. म्हणजे सायलेन्सिंगवाल्या लाइनची परीक्षा थंडीत घ्यायची आणि प्रथिनवाल्या लाइनची उष्णतेत.

याच गटात जेमिनीव्हायरसचा (डीएनए जीनोम असलेल्या विषाणू-गटाचा) एक किस्सा लक्षात ठेवण्यासारखा आहे. टोमॅटो यलो लीफ कर्ल सार्डिनिया विषाणूचं कापलेलं रेप प्रथिन झाडात बनवलं की ते विषाणूची प्रत काढणं अडवतं. पण लागण झाल्यावर झाड त्या विषाणूविरुद्ध एसआय-आरएनए बनवतं, ते घातलेल्या रेप जनुकालाही लागू पडतात आणि झाडाचा बचाव झाडाच्याच यंत्रणेकडून बंद होतो. सायलेन्सिंग पपईत तारणारं, इथे मारणारं. शेंडेपान यांनी ऐकलेलं ‘जनुक बंद पडलं’ हे अशा रचनेत खरंच घडतं.

एकाच निशाण्यावरची शस्त्रं सगळ्यात लवकर बोथट होतात. कृत्रिम मायक्रोआरएनएचं (एकच लक्ष्य धरून बनवलेल्या छोट्या आरएनएचं) लक्ष्य फक्त 21 अक्षरांचं. त्यातलं मोक्याचं एक अक्षर बदललं तरी टर्निप मोझॅइक विषाणू निसटतो, हे प्रयोगात दिसलंय. क्रिस्पर (कॅस9 प्रथिनाने ठरवलेल्या जागी डीएनए कापायचं तंत्र) थेट विषाणूवर चालवण्यात तर आणखी एक पेच आहे. कॅस9 ने कापलेलं टोक जोडताना एक-दोन अक्षरं इकडची तिकडे होतात, आणि त्या जोडातून कापता न येणारा विषाणू तयार होऊ शकतो. कसाव्यात आफ्रिकन कसाव्हा मोझॅइक विषाणूविरुद्ध असा प्रयोग झाला, 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. परिणामकारक प्रतिकार मिळालाच नाही, आणि बदल झालेल्या विषाणू-जीनोमपैकी 33 ते 48 टक्क्यांत तेच एक अक्षर बदलून कॅस9 ला निरुपयोगी करणारं म्युटेशन आलं. हत्यारानेच निसटलेल्यांची निवड केली.

विषाणूऐवजी झाडाचं जनुक बदलणं हा दुसरा रस्ता. पोटीव्हायरसच्या आरएनएच्या टोकाला जोडलेल्या व्हीपीजी प्रथिनाला झाडाचं ईआयएफ4ई हे प्रथिनं बनवायच्या यंत्रणेतलं प्रथिन लागतं. 2016 मध्ये क्रिस्परने काकडीतलं ईआयएफ4ई बंद करून झुकिनी यलो मोझॅइक आणि पीआरएसव्ही-डब्ल्यू (पीआरएसव्हीचा काकडीवर्गावरचा प्रकार) यांना अडवलं गेलं. मोडायची वाट तिथेही आहेच: व्हीपीजी बदलतं आणि विषाणू उरलेल्या ईआयएफ-आयसो4ई सारख्या भावंडाशी जुळवून घेतो. म्हणून आता जनुक पूर्ण बंद करण्यापेक्षा, निसर्गात सापडणाऱ्या प्रतिकारक प्रकारांसारखे मोजके बदल करून ते चालू ठेवण्याकडे कल आहे. मला तो मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, झाडालाही त्याचा त्रास कमी.

शेंडेपान

मनापासून आभार. रचना कोट प्रोटीनचीच आहे, पण हेअरपिन, त्यामुळे प्रथिन बनत नाही. म्हणजे एलायझा पॉझिटिव्ह आलेल्या झाडांत विषाणू खरंच आहे. थंडीचा मुद्दा पटला. नव्या रचनेत एचसी-प्रोचा तुकडा घालावा का? आणि किती लांबीचा?

आरएनए_वाचक

घाला, पण भाषांतर होऊ शकणार नाही असाच. एचसी-प्रो प्रथिन झाडात बनलं तर ते तुमचीच सायलेन्सिंग दाबेल. तैवानच्या गटाने 5-19 चा एचसी-प्रो असाच, प्रथिन न बनणाऱ्या रूपात घातला आणि 5-19 सह इतर भौगोलिक स्ट्रेनांनाही पूर्ण प्रतिकार मिळवला. हेअरपिनमध्ये प्रथिन तसंही बनत नाही, तरी तुकड्याच्या सुरुवातीला वाचन-चौकटीत दोन-तीन स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारे संकेत) ठेवायला काही जात नाही.

लांबी: प्रत्येक लक्ष्याचा 300 ते 500 अक्षरांचा सलग तुकडा. कोट प्रोटीनचा एक, एचसी-प्रोचा एक आणि पीएलडीएमव्ही तुमच्या भागात सापडला तर त्याच्या कोट प्रोटीनचा एक, हे एकामागोमाग जोडून मग उलट-सुलट मांडणी, मध्ये इंट्रॉन (आरएनएतून नंतर कापून निघणारा तुकडा). इंट्रॉन नसेल तर उलट-सुलट क्रम जिवाणूत टिकत नाही, क्लोनिंग करतानाच तुकडे गळतात. लक्ष्य निवडताना तुमच्याकडच्या जितक्या आयसोलेटचे क्रम मिळतील तितके शेजारी मांडा आणि सलग जुळणारा पट्टा जिथे सगळ्यांत लांब, तो भाग घ्या. कोट प्रोटीनचं सुरुवातीचं टोक स्ट्रेनागणिक फार बदलतं. ते टाळून मधला आणि शेवटाकडचा भाग घ्या.

विषाणूच्या 3 प्राइम टोकाचा अनुवाद न होणारा भाग घालू नका. विषाणूची प्रत काढणं तिथून सुरू होतं आणि झाडातल्या आरएनएशी विषाणूचं रिकॉम्बिनेशन व्हायला ती सोयीची जागा ठरते. चवळीच्या क्लोरोटिक मॉटल विषाणूत 1994 मध्येच ते दाखवलं गेलं: अपुरं कोट प्रोटीन असलेल्या विषाणूने झाडातल्या जनुकाकडून हरवलेला भाग परत मिळवला, 125 पैकी 4 झाडांत.

प्रमोटरबद्दल, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनए तुकड्याबद्दल, एक. खूण-जनुक आणि हेअरपिन दोन्हींना 35एस प्रमोटर लावू नका. त्यांच्यातल्या साम्यामुळे प्रमोटरवर मिथाइल गट चढतात आणि दोन्ही जनुकं हळूहळू बंद होतात. पुढे अशा दोन लाइन एकमेकींत संकरित केल्या तर ही शक्यता आणखी वाढते.

लाइन निवडताना फक्त लक्षणांवर जाऊ नका. प्रत्येक लाइनचे लहान आरएनए 15 टक्के पॉलीअ‍ॅक्रिलामाइड-युरिया जेलवर नॉर्दर्न (ठराविक आरएनए दाखवणारी चाचणी) करून बघा. 21 आणि 24 च्या दोन्ही पट्ट्या ठळक असलेल्या लाइन पुढे न्या, त्यातही शक्यतो एकाच जागी घुसलेल्या. मग त्याच लाइन 15–18 आणि 25 अंशांवर वेगवेगळ्या लावा आणि शेतातल्या, सगळ्यात आक्रमक आयसोलेटने लागण करा. मूळ स्ट्रेनने घेतलेली परीक्षा सोपी असते.

काचघर

रचनेच्या जोडीला शेताकडेही लक्ष असू द्या. प्रतिकारक झाडं आली की मावा आणि पांढरी माशी यांच्याकडे दुर्लक्ष व्हायला लागतं, आणि जो विषाणू रचनेत नाही तो डोकं वर काढतो. ब्राझीलमध्ये गोल्डन मोझॅइकविरुद्धचा जीएम घेवडा 2011 मध्ये मंजूर झाला. त्या झाडांत गोल्डन मोझॅइक राहिला नाही, पण त्याच पांढऱ्या माशीने पसरणारा काऊपी माइल्ड मॉटल विषाणू ठळक दिसायला लागला.

एलायझा पॉझिटिव्ह आलेली झाडं आत्ताच मुळासकट काढा, पण आधी प्रत्येकाचं कोवळं पान घ्या. निम्मं कॅल्शियम क्लोराइडवर वाळवून 4 अंशांवर ठेवा आणि निम्मं उणे 80 वर. क्रम काढायला आणि उलट लागणीला नंतर हाच नमुना लागणार आहे. थंडीत आजारी दिसलेली आणि आता स्वच्छ झालेली झाडं मात्र काढू नका. त्यांची जुनी पानं आणि नवी पानं वेगवेगळ्या नळ्यांत घेऊन सीआयच्या प्रायमरने तपासा, आणि पुढच्या थंडीत तापमानाची नोंद ठेवून पुन्हा बघा.